इतर : शंभर अक्षरांत

प्रश्नावली आली तेव्हा मी न्हाणीघरात होते,
उपड्या बादलीवर बसून, आतून कडी लावून.
इर्बिदच्या आमच्या घरात कडी या एकाच दाराला आहे,
म्हणून माझे वर्ग इथे भरतात.
मृदा-यंत्रशास्त्राची परीक्षाही इथेच दिली.
हम्झा दार बडवत होता,
पर्यवेक्षक बाईंनी विचारलं, कोण आहे तिथे?
म्हटलं, धाकटा भाऊ. त्याला लागलीये.
अडतीस जणी हसल्या असतील.
सगळ्यांचे आवाज बंद होते.

गेल्या दोन आठवड्यांत तुम्हाला किती वेळा निराश वाटलं?
कधीच नाही. काही दिवस. निम्म्याहून जास्त दिवस. जवळजवळ रोज.

दिवस कुठून कुठपर्यंत मोजायचा, ते लिहिलेलं नाही.
आमच्याकडे सहाला भोंगा वाजतो
आणि दिवस संपल्याचं सरकार सांगतं.
ऊन तरीही गच्चीवर रेंगाळतं,
पाण्याच्या टाक्यांमागे, बाबांच्या शेजारी.
बाबांचं झेरॉक्सचं दुकान विद्यापीठाच्या फाटकासमोर आहे.
किल्ली अजून रोज सकाळी खिशात घालतात.

झोप लागत नाही का? की फार लागते?
तुमादिरला विचारा.
वसतिगृहात माझ्या वरच्या पलंगावर असायची,
आता अजलूनच्या डोंगरात, तिच्या गावी.
रेंज फक्त एका ऑलिव्हच्या झाडाखाली येते
आणि त्या झाडाखाली सगळ्या चुलत्यांची नजर पोचते.
एप्रिलमध्ये तिने फोन उचलणं सोडलं.
मग एका रात्री दोन वाजता तिचाच फोन.
बोलली नाही. मीही नाही.
तिच्याकडे कुत्रं भुंकत होतं, माझ्याकडे फ्रिजची घरघर.
सकाळी उशीखाली फोन गरम लागला :
चार तास अकरा मिनिटं.

त्यानंतर रोज. बोलायचं नाही, एवढंच ठरलेलं.
अकराव्या रात्री तिनेच मोडलं.
म्हणाली, रुबा, माझी डावी भुवई राहिलीच नाही.
बसल्या बसल्या उपटली, एकेक करून.
मी हसले. का हसले देव जाणे.
पलीकडे शांतता, मग तीही हसायला लागली,
आणि अंधारात चुलतीची बॅटरी लागली.

ताणाचा सामना तुम्ही कसा करता? लागू असेल तिथे खूण करा.
प्रार्थना. व्यायाम. छंद. कुटुंबाशी संवाद.

शुक्रवारी आईने मक्लूबा केला.
नावातच उलटं : पातेलं ताटावर पालथं घालायचं,
बुडावर थापा द्यायच्या, अलगद उचलायचं.
तेवढा वेळ आमच्या घरात कुणी बोलत नाही.
त्या दिवशी भात ढासळला.
वांगी एकीकडे, कोंबडी एकीकडे.
चवीला काय फरक पडतो, बाबा म्हणाले.
आई फरशीवर बसली आणि रडायला लागली.
भातासाठी इतकं कुणी रडत नाही.

पुस्तकात आहे : चिकणमातीवर ओझं ठेवलं
की तिच्यातलं पाणी हळूहळू निघून जातं, वर्षानुवर्षं.
याला खचणं म्हणत नाहीत. बसणं म्हणतात.
हे मला बरोबर आलं होतं. पैकीच्या पैकी.

रात्री न्हाणीघराच्या दारावर टकटक.
हम्झाची नव्हे, हळू.
आई म्हणाली, तुझं झालं असेल तर
दहा मिनिटं मला दे ही खोली.
मी बादली तशीच ठेवून बाहेर आले.
कडी लागल्याचा आवाज ऐकला.
दाराला पाठ लावून बसले आणि हम्झा आला तेव्हा सांगितलं,
परीक्षा चालू आहे.
कुणाची?
जा इथून.

मग तिथेच बसून उरलेली प्रश्नावली भरली.
इतर असल्यास शंभर अक्षरांत लिहा.
लिहिलं : रात्री फोन चालू ठेवतो. दार आळीपाळीने वापरतो.
अक्षरं अजून बरीच शिल्लक होती.
आतून नळ सोडल्याचा आवाज आला,
पाणी बराच वेळ वाहत राहिलं,
टाकीत किती उरलंय ते मी पाहायला गेले नाही.